खेळ रंगतो, पण मराठीतच!

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुका आहे, तिथल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आटोपून देते:

"मी बी.ए. झाले आहे. जूनपासून घराच्या सोप्यात संध्याकाळी पाचवी ते सातवीच्या नऊ मुलांना इंग्रजी शिकवते. सहा जण मराठी शाळेतले, दोघं भावंडं कन्नड शाळेतली आणि एक मुलगी बेळगावला इंग्लिश मीडियमला व्हॅननं जाते. पाठांतराला मुलं कंटाळली म्हणून खेळ सुरू केले. दोन टीम करून शब्दांच्या भेंड्या, चित्र बघून नाव ओळखा, फळ्यावर स्पेलिंगच्या शर्यती. मुलं खूश आहेत, कुणी दांडी मारत नाही. पण सगळा आरडाओरडा मराठीत. इंग्रजी म्हणून जो काय एखादा शब्द येतो, तो त्या इंग्लिश मीडियमच्या मुलीच्या तोंडून. कन्नड शाळेतली दोघं कोपऱ्यात गप्प. परवा एका मुलाची आई दारात येऊन म्हणाली, 'अक्का, खेळायला आमचं अंगण हाय की. हितं शिकायला धाडलंय.' मला काही बोलताच आलं नाही. खेळ बंद करून परत व्याकरण सुरू करू का?"

प्रिय ताई,

खेळ बंद करू नका. घोकंपट्टी परत आणलीत तर निम्मी मुलं पंधरवड्यात गळतील, आणि उरलेली आईच्या भीतीनं येतील. पण दारात आलेल्या त्या बाईंच्या बोलण्यात निम्मं खरं आहे, ते आधी निस्तरू या.

तुमचे तिन्ही खेळ जरा तपासून बघा. स्पेलिंगच्या शर्यतीत इंग्रजी लागतं किती? एक शब्द. तोही एकालाच, आणि त्याला तो आधीच येत असेल तर. बाकीच्या आठांना लागतं ते "लवकर लिही की", "ह्याला येत नाही, मला दे खडू", "चीटिंग हाय ही!" हे सगळं मराठीत झकास जमतं, मग मुलं इंग्रजीच्या वाटेला कशाला जातील? ती आळशी नाहीत, हुशार आहेत. खेळ जेवढं इंग्रजी मागतो तेवढंच ती देतात, आणि तुमचे खेळ फारच थोडं मागतात.

म्हणून खेळ निवडताना एवढंच बघा: तोंड न उघडता हा पुरा होतो का? होत असेल तर तो अंगणातला खेळ, त्या बाई म्हणतात तसा. एकाकडं जे आहे ते दुसऱ्याकडं नाही आणि विचारल्याशिवाय मिळणार नाही, ही अडचण खेळातच घालून ठेवायची. टीमचंही तेच. चार मुलं एका बाजूला उभी केली म्हणून टीम होत नाही. तिथं एक खेळतो आणि तिघं टाळ्या वाजवतात. प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी असं हवं की तो गप्प बसला तर सगळ्यांचंच अडेल.

एक खेळ सविस्तर सांगते, म्हणजे कल्पना येईल. दोन मुलं चटईवर पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. चित्र तुम्हीच काढा, सुबक नको: एक घर, घराच्या डावीकडं आड, आडाजवळ म्हैस, घरामागं नारळाचं झाड, छपरावर मांजर. चित्रवाल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. वळून बघायचं नाही, हातवारे नाहीत.

पहिल्या डावात काय होईल तेही सांगते. चित्रवाला म्हणेल, "हाऊस." दुसरा कागदभर घर काढेल. मग "वेल." आड कुठं ते सांगितलंच नाही, म्हणून तो दारातच खणला जाईल. "बफेलो." म्हैस चढली छपरावर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की हसून हसून मुरकुंडी वळेल. नेमकं तेव्हाच तुम्ही फळ्यावर लिहायचं: बिहाइंड, निअर, ऑन, ऑन द लेफ्ट. हेच शब्द आदल्या दिवशी यादी करून दिले असते तर मुलांनी वहीत उतरवले असते आणि वही मिटली असती. आता त्यांना ते हवे आहेत, कारण म्हैस छपरावरून खाली आणायची आहे. चित्र बदलून, जागा बदलून दुसरा डाव लावा. "द कॅट इज ऑन द रूफ" हे वाक्य येईल, तुटक का होईना. आणि काढणाऱ्यालाही गप्प बसू देऊ नका. "बिग ऑर स्मॉल?", "हाउ मेनी?", "से इट अगेन" एवढं त्याच्या तोंडी द्या. डावं-उजवं कुणाचं, यावरून भांडण हमखास होतं. कागदाचं डावं ते डावं, असं आधीच ठरवून टाका.

कन्नड शाळेतल्या भावंडांची मला जास्त काळजी वाटली. तुम्ही खेळाचे नियम मराठीत सांगता, गोंधळ मराठीत होतो, विनोद मराठीत होतात. म्हणजे ती दोघं इंग्रजी शिकायला येतात आणि आधी मराठीशी झुंजतात. नियम सांगूच नका, करून दाखवा. एका मुलाला पुढं घेऊन तुम्ही स्वतः एक डाव खेळा, सगळे बघतील. अडलं तर एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये. तुम्हाला दोन्ही येत असणारच, खानापुरात कुणाला येत नाहीत? शिवाय कन्नड सरकारी शाळांत पहिली ते तिसरी 'नलि-कलि' पद्धत आहे, म्हणजे कार्डं, गट, गाणी आणि खेळ. १९९५ च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. गटात बसून कार्डावर काम करणं त्या दोघांना नवं नसावं. अडतं आहे ते भाषेपाशी.

सुरुवातीला त्यांच्याकडून बोलणं मागूच नका. रोजची पहिली पाच मिनिटं नुसत्या हुकुमांची ठेवा: स्टँड अप, टच द विंडो, पुट युवर बुक अंडर द मॅट, गिव्ह युवर पेन्सिल टू संगीता. तुम्ही म्हणायचं, मुलांनी करायचं. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात या पद्धतीचा पाठपुरावा केला. कान आधी तयार होऊ द्या, जीभ मागून येते, असं त्यांचं म्हणणं. इथं मराठी-कन्नड कुणीच पुढं नाही की मागं नाही. पंधरा दिवसांनी हुकूम देण्याची पाळी मुलांना द्या, आणि पहिली पाळी त्या भावंडांपैकी एकाला.

मग त्यांना अशी जागा द्या की त्यांच्यावाचून गटाचं चालणारच नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात, गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन घरांतली मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात धुसफूस चालायची. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिथं एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय धडा पुरा कळणारच नाही, मग ज्याला हिणवायचं त्याचंच ऐकावं लागलं. आपल्याकडं सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो तिथंच चालू दे, सोप्यातल्या चटईवर नको.

तुमच्याकडं तीन-तीनचे तीन गट होतात. मलप्रभेवर तीन चिठ्ठ्या करा. पहिलीवर: नदी कणकुंबीला डोंगरात उगम पावते आणि खानापूरवरून जाते. दुसरीवर: सौंदत्तीजवळ नविलतीर्थला तिच्यावर धरण आहे, हुबळी-धारवाडला तिथलं पाणी प्यायला जातं. तिसरीवर: कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. प्रत्येक चिठ्ठी दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत. मुलानं आपली चिठ्ठी मनात वाचायची, पालथी घालायची आणि बाकीच्या दोघांना आठवून सांगायची. मग तिघांनी मिळून एका कागदावर नदी काढायची, गावं मांडायची. "व्हेअर डझ इट बिगिन?", "व्हॉट कम्स नेक्स्ट?" हे प्रश्न पुढ्यात लिहून ठेवा. वरची नदी खानापूरच्या पोरांना पाठ आहे, सौंदत्ती यल्लम्माच्या जत्रेमुळं घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या खाली मात्र सगळे चाचपडतात. नविलतीर्थ आणि कूडलसंगम ही नावं नीट म्हणून दाखवायला ती भावंडंच लागतील, म्हणून खालच्या दोन चिठ्ठ्या वेगवेगळ्या गटांत त्यांच्याकडं जातील असं बघा.

आता एक शंका. मुलंमुलंच बोलत बसली तर एकमेकांच्या चुका उचलतील की! ही शंका मोठमोठ्यांना आली आहे. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ नाहीत. नकाशे, गाड्यांची वेळापत्रकं, कोडी द्यायची आणि ती इंग्रजीतून सोडवायला लावायची. मन अर्थात गुंतलं की भाषा आपोआप मुरते, हा त्यांचा विश्वास. बेंगळूर प्रकल्प म्हणून हा प्रयोग जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना माहीत आहे. पण तेच प्रभू गटकामाला फारसे राजी नव्हते. मुलांचं आपापसातलं मोडकं इंग्रजी तसंच पक्कं होईल, ही त्यांची भीती.

मला ती भीती पुरती पटत नाही. वर्गात साठ मुलं असली तर जरूर, पण तुमच्याकडं नऊ आहेत आणि प्रत्येक चटईजवळ तुम्ही जाऊन बसू शकता. तरी त्यांची एक रीत उचलण्यासारखी आहे: आधी सगळ्यांसमोर तसंच एक काम शिक्षकानं बोलत बोलत सोडवायचं, मग तसलंच दुसरं मुलांकडं द्यायचं. म्हणजे बरं इंग्रजी कानावरून गेलेलं असतं. खेळ चालू असताना मधे तोंड घालून चुका दुरुस्त करू नका, मुलं मिटून जातात. कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी दोनच घ्या. दहा घेतल्या तर एकही राहत नाही.

कुठल्या चुका येणार ते आत्ताच सांगता येतं. मराठी आणि कन्नड, दोन्हीत क्रियापद वाक्याच्या शेवटी. म्हणून तुमच्या आठही मुलांचं "आय मँगो ईट" होणार, शाळा कुठलीही असो. यावर व्याख्यान नको, मुलांनाच वाक्य करा. जुन्या लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात. जाड कागद, मागची बाजू कोरी. एकेका पत्रिकेवर एकेक शब्द मोठ्या अक्षरात. रवी, ड्रिंक, टी. तीन मुलं तीन शब्द धरून ओळीत उभी राहतील आणि बाकीची त्यांना जागेवर लावतील. 'ड्रिंक'ला जोडायचा 'एस' वेगळ्या चिटोऱ्यावर लिहून कपड्यांच्या चिमट्यानं लावा. "रवी ड्रिंक्स टी." आता याचा प्रश्न करायचा. बाहेरून 'डझ' धरलेली मुलगी येते, 'ड्रिंक्स'चा चिमटा काढून 'एस' स्वतःकडं घेते आणि रांगेत सर्वांत पुढं जाऊन उभी राहते. "डझ रवी ड्रिंक टी?" 'एस' गेला कुठं, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. मग "डझ रवी ड्रिंक्स" असं कुणी म्हटलं की दुसरा ओरडतो, "चिमटा, चिमटा!" त्याला मात्र मराठीत ओरडू द्या.

इंग्लिश मीडियमची मुलगी. तिला छोटी टीचर करू नका, हा मोह आवरा. तिचं स्वतःचं शिकणं थांबतं, आणि इतरांना ती नकोशी होते. तिला ऐकावं लागेल अशी कामं द्या. पाठीला पाठच्या खेळात ती काढणारी. भिंतीवर परिच्छेद चिकटवून धावत जाऊन वाचायचा, लक्षात ठेवून परत येऊन जोडीदाराला सांगायचा, असा एक खेळ आहे. त्यात धावणारा मराठी शाळेतला आणि लिहिणारी ती. त्यानं नीट उच्चारलं नाही तर हिला लिहिता येत नाही, म्हणून ती "व्हॉट? से इट अगेन" करत राहते आणि तो परत भिंतीकडं पळतो. अर्ध्यात पाळी बदला. गटात चर्चा असेल तेव्हा प्रत्येकापुढं पाच चिंचोके ठेवा. एकदा बोललं की एक चिंचोका मधल्या वाटीत. ज्याचे संपले त्यानं बाकीच्यांचे संपेपर्यंत थांबायचं. तिचे पाच पहिल्या मिनिटात जातील. दुसऱ्या दिवशी ती जपून खर्च करेल, आणि मधल्या शांततेत कुणीतरी तोंड उघडेलच. तेवढी शांतता सोसा, लगेच उत्तर सांगू नका.

मराठी बोललं की एक रुपया दंड, असलं काही कृपा करून लावू नका. दंडानं मुलं इंग्रजी बोलत नाहीत, नुसती गप्प होतात. खेळायला लागणारी वाक्यं मात्र मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा: माय टर्न, युवर टर्न, वेट, स्लोली प्लीज, आय डोन्ट नो, व्हॉट इज धिस कॉल्ड? मुलं मराठीत ओरडतात ते बहुतेक हेच असतं. त्या ओरडण्याला इंग्रजी वाक्य मिळालं की निम्मा आवाज आपसूक इंग्रजीत जातो. आणि दोन टीमची झुंज कमी करा. झुंजीत घाई होते, घाईत ज्याला येतं तोच बोलतो. त्यापेक्षा सगळे मिळून, "काल नदी काढायला बारा मिनिटं लागली, आज दहात करा."

मोठी मुलं थोडी सरावली की प्रभूंच्या धर्तीचं एखादं काम द्या. आजीला बेळगावच्या दवाखान्यात अकराला पोचायचं आहे. एकाकडं गावातून खानापूरला येणाऱ्या बसच्या वेळा, दुसऱ्याकडं खानापूरहून सुटणाऱ्या रेल्वेच्या, तिसऱ्याकडं खानापूर-बेळगाव बसच्या. वेळा तुम्हीच बनवा, एक गाडी चुकेल अशा. आजीला स्टेशनचा जिना चढवत नाही, हेही एका चिठ्ठीत घाला. उत्तर एकच नसेल, म्हणून मुलांना "बिकॉज" म्हणावंच लागेल. वीज गेली तर चिठ्ठ्या वाचता येणार नाहीत. तेव्हा एकानं मनात काहीतरी धरायचं, बाकीच्यांनी वीस प्रश्नांत ओळखायचं. "इज इट अ फूड?" "इज इट स्वीट?" बेळगावचा कुंदा फार लवकर ओळखला जातो, तेव्हा तो पहिल्या दिवशीच संपवून टाका.

आता दारातल्या बाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी पैसे मोजले आहेत आणि घरी मुलाची वही कोरी दिसते आहे. त्यांच्या जागी मीही आले असते. रोज खेळ झाला की शेवटची दहा मिनिटं वहीची. आज जे बोललो त्यातली पाच वाक्यं, तारीख घालून, प्रत्येकानं स्वतः लिहायची. चित्राचा खेळ झाला असेल तर चित्राखाली. ही वही घरी दाखवायची. आणि एखाद्या शनिवारी त्या बाईंना सोप्यात बसवा, त्यांच्याच मुलाच्या हातात चित्र द्या. "अक्का काय शिकवते" हे तुम्ही सांगण्यापेक्षा तो पाठमोरा बसून "द बफेलो इज निअर द वेल" म्हणालेला त्यांना जास्त पटेल. इंग्रजी त्यांना कळलं नाही तरी समोर म्हैस बरोबर जागी उभी राहिलेली दिसेल.

पण खेळात सगळं येतं असंही त्यांना सांगू नका, कारण येत नाही. स्पेलिंग खेळानं पक्कं होत नाही, ते लिहूनच होतं. दहावीच्या एसएसएलसीत लेखी पेपरला पत्रं लिहावी लागतात, उतारे वाचून उत्तरं द्यावी लागतात, आणि तिथं बोलता येतं का असं कुणी विचारत नाही. पाचवी-सातवीला त्याची घाई नको, पण आठवड्यातला एक दिवस नुसत्या वाचन-लेखनाचा ठेवा, खेळाशिवाय. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

पुढच्या सोमवारी फक्त हुकूम आणि पाठीला पाठ, एवढंच करा. चिमटे आणि नदी नंतर. स्पेलिंगची शर्यतही एकदम काढून घेऊ नका, मुलं रुसतील. शुक्रवारी निघताना पाच मिनिटं होऊ दे.